कलेक्टर मोदी नंबर दोनमध्ये बसतात

सीताबर्डीत तंद्री लागायला जागाच नाही, असं बाहेरून येणाऱ्याला वाटतं. व्हरायटी चौकातून मेन रोडला वळलं की खांद्याला खांदा. चपला, पर्सेस, मोबाइलची कव्हरं, आणि दोन्ही बाजूंनी 'आइये दीदी, देखिये भाऊ'. या गर्दीतून मी वर्षानुवर्षं स्वतःच्या नादात चालत आलो आहे. धक्का लागला की तोंडून 'सॉरी' जातं, पाय सवयीनं वळतात, आणि डोक्यात भलतंच राज्य सुरू असतं.

मी मोदी नंबर दोनच्या गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या एका घाऊक दुकानात हिशेब बघतो. (नागपूरबाहेरच्यांनी दचकू नये. सीताबर्डीत मोदी नंबर एक, दोन, तीन अशा गल्ल्याच आहेत.) त्याआधी वयोमर्यादा संपेपर्यंत एमपीएससीचा अभ्यास केला. दिवास्वप्नांची सवय त्याच्याही आधीची, शाळेपासूनची. पुढचं सगळं डॉक्टर म्हणून लिहीत नाही. ज्याला हे होतं त्यानं लिहिलेलं आहे. आकडे टाकलेत ते शोधायला सोपं जावं म्हणून. त्या पायऱ्या नाहीत, कुठूनही वाचा.

१. मन भटकतं म्हणून लगेच घाबरू नका

हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास छापला. सव्वादोन हजार माणसांना दिवसातून केव्हाही फोनवर विचारलं: आत्ता काय करताय, आणि मन त्यातच आहे का? जवळपास ४७ टक्के वेळा मन दुसरीकडे होतं. म्हणजे फोडणी करता करता माहेरी पोचणारी बाई आणि मीटिंगमध्ये गोव्याला जाऊन येणारा बाबू ही चारचौघांसारखीच माणसं. त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त लागली. सुखाच्या विचारांत भटकणारी माणसंही हातातल्या कामात असणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी नव्हती.

आमची जात निराळी. आमचं मन भटकत नाही, ते ठरलेल्या घरी जातं. हैफा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एली सोमर यांनी २००२ मध्ये आपल्या सहा रुग्णांवरून हे पहिल्यांदा नीट मांडलं: तासन्‌तास चालणारी, कथानक असलेली, पात्रं असलेली स्वप्नं, आणि त्यापायी काम, अभ्यास, नाती यांची ओढाताण.

माझ्या मालिकेत मी गडचिरोलीचा जिल्हाधिकारी. पर्लकोटा नदीला पूर आलाय, भामरागडचा संपर्क तुटलाय. दर पावसाळ्यात ही बातमी येतेच, त्यामुळे मालिकेला दर वर्षी नवा सीझन. मी बोटीत उभा. शिपाई छत्री धरतो, मी ती नाकारतो. (छत्री मी दर वेळी नाकारतो. त्यात काय भारी वाटतं कोण जाणे, पण वाटतं.) माझा पीए, ड्रायव्हर, एक खडूस एसपी, सगळी कायमची मंडळी. मध्येच कुणी हाक मारली की मला खरोखरचा राग येतो, सिनेमात लाइट गेल्यासारखा. ओठ हलतात. एकदा मेट्रोत समोरच्या बाईंनी विचारलं होतं, "काही म्हणालात का?"

आई मला मुंगेरीलाल म्हणायची. १९८९ मध्ये दूरदर्शनवर रघुवीर यादवांची ती मालिका लागायची तेव्हा घरातले सगळे माझ्याकडे बघून हसायचे. मीही हसायचो. मुंगेरीलालची स्वप्नं एका भागात संपत, माझी पुढच्या आठवड्यातही तिथूनच चालू होत, हे त्यांना माहीत नव्हतं.

२. पाय आणि कान यांच्यावर पहारा ठेवा

किती वेळ स्वप्न पाहिलं याची नोंद ठेवून काही हाती लागत नाही. तंद्रीत घड्याळ कोण बघतं? कुठे सुरू होतं, ते मात्र लिहून ठेवता येतं. माझ्या वहीत पुनःपुन्हा दोनच गोष्टी आल्या: चालणं आणि गाणं. सोमर यांनाही असंच आढळलं. येरझारा किंवा तीच ती हालचाल, आणि जोडीला संगीत, ही पुष्कळांची किल्ली असते.

लोकमान्य नगरकडून येणारी ॲक्वा लाइन अंबाझरीच्या कडेनं सीताबर्डीला येते. खिडकीजवळची जागा, डाव्या हाताला तलाव, कानात एखादं चढत जाणारं गाणं. तलाव दिसला की पूर आलाच. सीताबर्डीला उतरेपर्यंत निम्मा तालुका मी सुखरूप हलवलेला असे, आणि दुकानात शिरताना दमलेला.

आता ईअरफोन बॅगेत, चेन लावून. कानात काही हवंच असेल तर बोलणारं माणूस लावतो: बातम्या, एखादं व्याख्यान, कीर्तनसुद्धा चालतं. दुसऱ्याचे शब्द कानात असले की डोक्यातल्या संवादांना जागा मिळत नाही. चालणं सोडायचं नाही, तब्येतीला ते हवंच. पण ते कामाचं करायचं. मेन रोडवरून जाताना घरच्या एखाद्या वस्तूचा भाव विचारत जातो. सीताबर्डीत भाव विचारला की तंद्री टिकत नाही. फेरीवाला हात धरून थांबवतो, आकडा सांगतो, आपण निम्मा सांगतो, आणि मग त्याच्या तोंडून जे निघतं त्यानं कुठलाही जिल्हाधिकारी जमिनीवर येतो.

रात्रीच्या गच्चीवरच्या येरझारा सगळ्यांत घातक. त्या मी बंद केल्या. त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

३. शेवटच्या रांगेत कोण बसलंय, ते पाहा

इथे जरा थांबून लिहितो, कारण माझी गाठ इथेच सुटली.

बऱ्याच लोकांना वाटतं, स्वप्नात जे दिसतं तेच माणसाला हवं असतं. मला कलेक्टर दिसतो म्हणजे मला कलेक्टर व्हायचं होतं. मीही तसंच धरून चाललो. एकदा दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा एस्टिमेटच्या कोऱ्या पानामागे मी लिहून काढलं की या मालिकेत मी नेमकं काय करतो. पूर, सत्कार, पत्रकार परिषद, पुन्हा पूर. कधी पंचनामा केला? नाही. फायलीवर शेरा मारला? नाही. अधिवेशनाच्या काळात रात्रभर बसून तारांकित प्रश्नांची उत्तरं तयार केली? कोर्टाची नोटीस आली, आमदारानं बदली करवली, पगार उशिरा झाला? एकदाही नाही. खऱ्या कलेक्टरच्या दिवसातलं जवळपास काहीच माझ्या स्वप्नात नव्हतं. होते ते बघणारे लोक. स्वप्नात सगळा वेळ कुणीतरी मला बघत असायचं.

मग दुसरा प्रश्न लिहिला: कोण बघतंय?

सत्काराच्या प्रत्येक प्रसंगात शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर माझे थोरले काका बसलेले असत. पांढरा सदरा, मांडीवर पिशवी. काका महसूल खात्यात होते. दिवाळीच्या जेवणाला सगळे जमले की ते पंगतीत माझ्या वडिलांना विचारत, "काय रे, तुझं पोरगं अजून वाचूनच राहिलं का?" पंगत हसायची. वडील एसटीत मेकॅनिक. ते काही बोलत नसत. ताटाकडे बघून "वरण वाढा जरा" म्हणत. ते वरण मागणं मला अजून ऐकू येतं.

काका वारले त्याला बरीच वर्षं झाली. तिरडीला मी खांदा दिला. त्याच आठवड्यात माझा स्वप्नात सत्कार झाला, आणि काका जागेवर होते.

मेलेल्या माणसाची शाबासकी मिळवायची असेल तर कितीही पूर कमीच. हे कागदावर दिसल्यावर स्वप्न थांबलं असं नाही, पण त्यातली चव उतरली. त्यानंतर मी स्वतःला विचारायला लागलो की जिवंत माणसांपैकी मला कोणी बघितलेलं चालेल. दुकानात ब्रह्मपुरीकडचा एक पोरगा मालाच्या गाठी उचलायला आहे, पोलीस भरतीची तयारी करतो. जेवणानंतर अर्धा तास मी त्याचं अंकगणित घेतो. शेकडेवारी त्याला येते, काळ-काम-वेग येत नाही. तो मला सर म्हणतो. शेठ मला भाऊ म्हणतात; पण सीताबर्डीत सगळेच सगळ्यांना भाऊ म्हणतात, त्यात काही विशेष नाही. सर म्हणणारा एवढा एकच.

तुमच्या शेवटच्या रांगेत कुणी दुसरं असेल. शाळेतला एखादा मास्तर, नाही म्हणून गेलेली मुलगी, नवऱ्याचे नातेवाईक. नाव शोधून काढा. ते सापडायला वेळ लागतो, कारण स्वप्नात आपण स्वतःकडेच बघत असतो, प्रेक्षकांकडे लक्ष जात नाही.

४. स्वप्न पगार आगाऊ देतं

हे खास अभ्यासिकेतल्या मुलांसाठी. जुन्या मॉरिस कॉलेजच्या इमारतीत प्रशासकीय सेवापूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. आसपासच्या रस्त्यांवर अभ्यासिका, झेरॉक्सची दुकानं, चहाच्या टपऱ्या. त्या टपऱ्यांवर मी अर्धं तारुण्य काढलं. लक्ष्मीकांतच्या पुस्तकाचं पान उघडं, हायलायटर हातात, डोळे ओळीवर, आणि मी मुलाखतीच्या दालनात. तिथून निकाल, निकालावरून हार, हारावरून गाडी. गाडीवर लाल दिवा. केंद्र सरकारनं १ मे २०१७ पासून लाल दिवे उतरवले. माझ्या गाडीवर तो त्यानंतरही होता. त्या जीआरची प्रत माझ्यापर्यंत पोचली नाही.

जर्मन मानसशास्त्रज्ञ गाब्रिएले ऑटिंगन यांनी हाच विषय लावून धरला. त्यांनी आणि डोरिस मायर यांनी २००२ मध्ये छापलेल्या अभ्यासांत एक गट नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांचा होता. नोकरी मिळेल अशी ज्यांची खात्री होती, त्यांचं पुढे बरं झालं. नोकरी मिळाल्याची गोड चित्रं जे जास्त रंगवत, त्यांना दोन वर्षांनी पाहिलं तर कमी नोकऱ्या चालून आल्या होत्या आणि पगारही कमी होता. खात्री आणि रंगवणं या निराळ्या गोष्टी आहेत. खात्रीवाला अर्ज टाकतो. रंगवणाऱ्याला नोकरीचं सुख घरबसल्या मिळून गेलेलं असतं, तो कशाला उन्हात जाईल?

ऑटिंगन यांचा उपाय चार प्रश्नांचा आहे आणि तो फुकट आहे. काय हवंय? ते मिळालं तर सगळ्यांत चांगलं काय होईल? माझ्यातलं काय आड येतं? ते आड आलं की मी काय करीन? पहिल्या दोन प्रश्नांत आम्ही उस्ताद. तिसऱ्याशी आम्हाला जबरदस्तीनं बसवावं लागतं. मी हे मोठ्या ध्येयांसाठी वापरत नाही. दर महिन्याच्या २० तारखेच्या आत दुकानाचं जीएसटीचं ३बी रिटर्न भरायचं असतं, त्यासाठी वापरतो. हवंय काय: १८ तारखेला भरून मोकळं व्हायचंय. चांगलं काय: १९ च्या रात्री शांत झोप. आड काय येतं: पर्चेसची बिलं जुळवताना तिसऱ्याच बिलावर मी भामरागडला जातो. मग काय करीन: बिलाचा नंबर मोठ्यानं वाचीन. शेजारचे हसतात. हसू देत, इनपुट क्रेडिट तर जुळतं!

५. शपथा घेऊ नका

डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या, आणि नंतर मोकळीक दिली तेव्हा त्या विद्यार्थ्यांना अस्वल आणखीच जास्त दिसलं. मी टेकडीच्या गणपतीसमोर हात जोडून 'आजपासून बंद' म्हणायचो आणि बाहेर येऊन चपला घालेपर्यंत एखाद्या सभामंडपाच्या उद्घाटनाला प्रमुख पाहुणा म्हणून आलेलो असायचो.

त्यापेक्षा पुढची तारीख द्यावी, कोर्टात देतात तशी. 'आत्ता नाही, रात्री जेवण झाल्यावर.' रात्री बहुतेक वेळा कुणी हजरच राहत नाही.

६. एकदा तरी लिहून काढा

पात्रांसकट, संवादांसकट. मी लिहिलं. डोक्यात जे दोन-दोन तास चालायचं ते पाऊण पानात संपलं. मी सोडून बाकी सगळे फक्त "होय साहेब" म्हणत होते. खडूस एसपीलासुद्धा एक धड वाक्य नव्हतं. पर्लकोटेला इतक्या वेळा पूर आला आणि एकही माणूस दगावला नाही, एक शेळीसुद्धा नाही.

फ्रॉइडनं १९०८ मध्ये लेखक आणि दिवास्वप्न यांच्यावर एक निबंध लिहिला होता. त्यात त्यानं हेच टिपलंय की अशा गोष्टींतल्या नायकाला काही म्हणजे काही होत नाही. मला कुणी कुणी समजूत घालताना म्हणतं, "अहो, तुमची कल्पनाशक्ती मोठी आहे, तुम्ही लेखक व्हायला हवं होतं." हे मला पटत नाही. आमच्याच नागपूरच्या महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' बघा. त्यातली धरणगावकर देशपांड्यांची रंजू सिनेमाच्या स्वप्नात बुडालेली, आणि ती शिकवणीच्या मास्तराबरोबर पळून जाते ती घरातले दागिने घेऊन. तिच्या स्वप्नाचं बिल सगळ्या वाड्याला भरावं लागतं. लेखक बिल फाडतो. मी आयुष्यभर उधारीवर लिहिलं, म्हणून ते लेखन नव्हतं.

७. खरा पूर येतो तेव्हा

२३ सप्टेंबर २०२३. शुक्रवारची रात्र उलटून शनिवार लागला आणि मध्यरात्रीनंतर नागपुरावर जो पाऊस पडला, तो काही तासांत शंभर मिलिमीटरच्या आसपास गेला. अंबाझरी भरून वाहायला लागली, नाग नदी रस्त्यावर आली. मोरभवनच्या स्थानकात बसेस पाण्यात उभ्या होत्या, झाशी राणी चौक, पंचशील चौक पाण्याखाली. शहरात माणसं गेली. सैन्य आणि आपत्ती दलाच्या बोटी रस्त्यांवर फिरल्या.

आमच्या दुकानाचं गोदाम पंचशील चौकाकडे, तळघरात. शेठचा फोन आला, "भाऊ, जल्दी आओ." पाणी उतरल्यावर शटर वर केलं तेव्हा आधी वास आला: गटार, डिझेल आणि ओला पुठ्ठा. वायरची बंडलं गाळात बसली होती. अडॅप्टरचे खोके हात लावला की तळातून सुटत आणि माल धबाधबा खाली. शेठ प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते, पँट गुडघ्यापर्यंत वळलेली. ते इतकंच म्हणाले, "लिखो." मी लिहीत गेलो. खोका, आतला माल, नग, बिल नंबर, फोटो. पोरगा मोबाइलचा टॉर्च धरून उभा. विम्याच्या दाव्याला बिलं लागणार आणि बिलंच भिजलेली, म्हणून दुकानातल्या पंख्याखाली आडवी वायर बांधून ती कपड्यांच्या चिमट्यांनी वाळत घातली. कार्बनची निळी शाई एकात एक उतरली होती. काही आकडे उजेडासमोर धरून वाचले, काही अंदाजानं, काही पुरवठादाराला फोन करून. दिल्लीचा एक पुरवठादार म्हणाला, "नागपूर में बाढ़? वहाँ तो समंदर ही नहीं है."

दिवाळी तोंडावर आली तरी ते काम चाललं होतं. त्या काळात गडचिरोलीचा कलेक्टर एकदाही आला नाही. त्याला कुणी अडवलं नव्हतं. शहरात खरोखरचे अधिकारी खरोखरच्या पुरात फिरत होते, त्यांच्या जागी आपण असतो तर, हेसुद्धा मनात आलं नाही. मला कुणी बघत नव्हतं, आणि बघत नाहीये हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

पुढचं सांगितलं नाही तर लबाडी होईल. दाव्याचे कागद गेले, दुकान सुरळीत झालं, आणि एका दुपारी स्वप्नानं तोच पूर उचलला. आता मी मोरभवनच्या पाण्यातून एका म्हातारीला पाठीवर घेऊन येत होतो. गोदामातली एकही गोष्ट त्यानं घेतली नाही. ना चिमटे, ना वास, ना स्टुलावरचे शेठ. छत्री मात्र होती.

त्या दिवसांवरून मी माझ्यापुरतं एक काढलं. हात गुंतलेले, शेजारी माणूस, आणि पुढे संपत जाणारी यादी, या तिन्ही गोष्टी एका वेळी असल्या तर मला स्वप्न लागत नाही. एखादी असून भागत नाही. एकट्यानं बिलं भरताना यादी असते, हात असतात, तरी जातो. म्हणून दुपारच्या मंद वेळात मी आता बसून राहत नाही, पोराला बरोबर घेऊन एकेका रॅकचा स्टॉक मोजतो. शेठना वाटतं मी फार प्रामाणिक आहे.

८. डॉक्टरकडे केव्हा

झोप मोडत असेल, नोकरी किंवा परीक्षा हातची जात असेल, खऱ्या माणसांशी बोलणं नकोसं झालं असेल, 'इथे परत यायचंच कशाला' असं वाटत असेल, तर हा लेख वाचत बसू नका. नागपूरच्या मेडिकल आणि मेयो, दोन्ही रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. टेली-मानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. १४४१६ या नंबरावर दिवसरात्र फुकट बोलता येतं, मराठीतही.

डॉक्टरनं या सवयीबद्दल ऐकलेलं नसेल तर नाराज होऊ नका. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तकात त्याला अजून स्वतंत्र जागा नाही. मी ज्यांच्याकडे गेलो त्यांनीही ऐकलेलं नव्हतं. पण त्यांनी एक नेमका प्रश्न विचारला: "ही माणसं आपणहून येऊन बोलतात, की तुम्ही बोलावता?" मी म्हटलं, मीच बोलावतो, आणि ती खोटी आहेत हेही मला कळतं. त्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. हा फरक मोठा आहे. ज्याला तो सांगता येत नाही, त्यानं आजच जावं. सोमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर पाहिलं तेव्हा अशा बऱ्याच लोकांना जोडीला दुसरंही काही होतं: लक्ष न टिकण्याचा विकार, चिंता, नैराश्य, ओसीडी. त्यांच्यावर उपचार आहेत. तेव्हा डॉक्टरांना नुसती स्वप्नं सांगू नका, झोप, भूक, चिडचिड, विसरभोळेपणा, सगळं सांगा. आम्हाला गोष्ट सांगायला आवडते आणि लक्षणं राहून जातात.

९. घरच्यांसाठी

"लक्ष कुठं आहे तुमचं?" हा प्रश्न विचारू नका. त्याला खरं उत्तर देता येत नाही आणि खोटं आम्ही पटकन देतो. टोमणा तर नकोच. टोमण्याचं स्वप्न व्हायला वेळ लागत नाही, वर काकांचं सांगितलंच आहे. बोलवायचं असेल तर हातात काहीतरी द्या. आई मेथीची जुडी पुढ्यात टाकायची, "निवड बरं एवढी," आणि समोर बसून गावातल्या भानगडी सांगायची. ती बाई मानसशास्त्र शिकली नव्हती, पण हात, सोबत आणि यादी तिनं बरोबर जमवली होती.

बायकोला मी सगळं सांगितलंय, छत्रीसकट. ती पोट धरून हसली आणि मग तिनं आपली एक पद्धत काढली. मी बैठकीत शांत बसलेला दिसलो की ती स्वयंपाकघरातून विचारते, "अहो, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या?" मी तीन म्हणतो. विचारलं की तीनच म्हणतो. वरणभाताला तेवढ्याच लागतात, त्यामुळे पुष्कळदा निभावून जातं. छोले असले की सापडतो.